खाऱ्या पाण्याचं विरजण

घरात खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा म्हटलं, की एक ठरलेला सल्ला मिळतो. टँक भरा, मीठ विरघळवा, फिल्टर चालू करा आणि आधी दोन-चार डॅमसेल सोडा. महिनाभर थांबा. ते जगले, तर मग महागाचे मासे आणा. डॅमसेल म्हणजे बोटभर लांबीचा, निळा किंवा काळा-पांढरा, भलताच चिवट मासा. 'फाइंडिंग नीमो'मधला क्लाउनफिश याच कुटुंबातला, म्हणजे नीमोचा चुलतभाऊच म्हणा ना. आणि समजा, हे डॅमसेल मेले तर? तर आणखी दोन-चार आणा. स्वस्त तर असतात!

आपल्या भाषेत सांगायचं तर हे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग करण्यासारखं झालं. फरक इतकाच, की इथे सर्व्हर डाऊन होत नाही, जीव जातो.

हा सल्ला आला कुठून, या कुतूहलापोटी गेले काही वीकेंड वाचत बसलो होतो. वाटलं होतं, दहा-वीस वर्षांपूर्वीची कुठल्या तरी दुकानदाराची युक्ती असेल. पण धागा ओढत गेलो तर तो थेट १८४९ सालच्या लंडनमध्ये, एका बाप-लेकाच्या जोडीपाशी जाऊन पोचला. बापाने घरगुती मत्स्यालयाचं तत्त्व मांडलं. पाण्यात खरोखर काय चालतं, ते मुलाने शोधलं. आणि तरीही मुलाचं उत्तर बापाच्या छंदापर्यंत पोचायला पाऊणशे वर्षं लागली. डॅमसेलची गोष्ट त्या उशिरातून सुरू होते.

पण त्याआधी प्रॉब्लेम नीट समजून घेऊ.

मासा खातो, त्यातल्या प्रथिनांमधला जादा नायट्रोजन त्याला बाहेर टाकावा लागतो. आपण तो युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांमधून पाण्यात सोडतात. समुद्रात याने काहीच बिघडत नाही, कारण समुद्र मोठा आहे. शंभर लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र मासा स्वतःच सोडलेल्या विषात पोहत राहतो. वर टाकलेलं पण न खाल्लेलं अन्न कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, हा त्या मानाने निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, हा खरा विषारी. दोन्हींचं प्रमाण मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी एक टक्काही मोकळा नसतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच असतो ८.२ च्या आसपास, आणि तिथे हेच प्रमाण दहापटीच्या घरात जातं. म्हणजे गोल्डफिशच्या टँकमध्ये जेवढा अमोनिया खपून जातो, तेवढाच खाऱ्या टँकमध्ये कल्ले जाळतो.

यावर निसर्गाचा उपाय म्हणजे दोन प्रकारचे सूक्ष्मजीव. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य, अधूनमधून पाणी बदललं की भागतं. या सगळ्याला म्हणतात नायट्रिफिकेशन. गोम अशी, की हे सूक्ष्मजीव कमालीचे संथ आहेत. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सोयीच्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना त्यासाठी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. अमोनिया जाळून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि तेवढ्यातच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर उभं करायचं. हजारपट व्हायचं तर दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलायला त्यासाठी साडेतीन तासही लागत नाहीत, यांना दहा दिवस. शिवाय दुसऱ्या टप्प्याच्या जीवांना पहिल्या टप्प्याने नायट्राइट तयार केल्याशिवाय खायलाच मिळत नाही, त्यामुळे ते आणखी मागे राहतात. म्हणून नवा टँक 'लागायला' तीन ते सहा आठवडे जातात. दूध आहे, भांडं आहे, ऊबही आहे, पण विरजण नाही, अशी नव्या टँकची अवस्था असते.

आता गोष्टीकडे वळू.

समुद्री जीव काचेत ठेवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सुरू झाले. सिसिलीतल्या मेसिनाला झान विलप्र-पॉवर हिने १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट नावाच्या ऑक्टोपसच्या भाऊबंदांचा अभ्यास करायला काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. पण तिच्या दारात समुद्र होता, पाणी हवं तेव्हा बदलता यायचं. लंडनच्या अ‍ॅना थिनची अडचण मोठी होती. तिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाच्या जातीचे काही प्राणी घरी आणले. लंडनमध्ये समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून आणणार? मग ती तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीपाशी, धार धरून ओतायला लागली. आपल्याकडे चहा गार करतात ना, तसं. हे काम रोज बराच वेळ चालायचं, आणि ते बहुतेक वेळा मोलकरणीच्या वाट्याला यायचं. पुढे तिने पाण्यात समुद्रशैवाल ठेवलं. तिचे प्राणी या व्यवस्थेत तीन वर्षं टिकले. इतिहासातला पहिला एअर पंप लंडनमधल्या एका मोलकरणीच्या हातांवर चालला, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या जोडीतला बाप. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपोथिकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होता. औषधांची शुद्धता तपासणं हे त्याचं काम. त्याने १८४९ मध्ये बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरच्या पेटीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी वनस्पतीची पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि काचेवरचं शेवाळ फस्त केलं, पाणी निवळलं आणि मासे जगले. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तत्त्व सोपं आणि देखणं होतं: प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतात, गोगलगाय सफाई करते. तीन बाजूंचा समतोल साधला की पाणी बदलायलाच नको.

१८५२ पासून त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर सुरू केला. त्याच सुमाराला निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस याच दिशेने काम करत होता. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं आणि लोकांची रांग लागली. १८५४ मध्ये गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. आज आपण वापरतो तो शब्द रूढ झाला तो इथून. गॉसने साधं मीठ आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही दिली. म्हणजे किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याचीही सोय झाली. पुढची काही वर्षं इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांचं वेडच लागलं होतं.

आणि ते वेड ओसरलंही तितक्याच झपाट्याने. कारण बहुतेकांच्या पेटीतले जीव मरायचे.

का मरायचे? वॉरिंग्टनचं तत्त्व चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. त्याच्या हिशोबात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड होते, नायट्रोजन नव्हता. थोडे मासे, भरपूर वनस्पती आणि भरपूर सबुरी असलेल्याची पेटी चालायची, कारण वनस्पती अमोनियाही शोषून घेतात आणि तोवर दगड-वाळूवर सूक्ष्मजीव वाढलेले असायचे. घाईघाईने पेटीभर जीव आणून सोडणाऱ्याची पेटी आठवडाभरात नासायची. दोघांनाही आपल्या यशापयशाचं खरं कारण ठाऊक नव्हतं.

विल्यम अल्फर्ड लॉइड नावाचा एक खटपट्या माणूस अनुभवाने उत्तराच्या बराच जवळ पोचला होता. आधी त्याचं लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान होतं. पुढे त्याने हँबर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) इथली मोठी मत्स्यालयं उभी करण्यात भाग घेतला, आणि नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयालाही त्याच्या अनुभवाचा उपयोग झाला. त्याची युक्ती अशी: प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवायचा आणि पाणी पंपाने सतत फिरवत राहायचं. पाण्यात हवा मिसळली की ते शुद्ध होतं, अशी त्याची धारणा होती. आज आपल्याला कळतं, की नायट्रिफिकेशन करणाऱ्या जीवांना प्रकाश मानवत नाही, ऑक्सिजन भरपूर लागतो आणि चिकटून बसायला पृष्ठभाग लागतो. लॉइडने त्यांच्यासाठी फर्स्ट क्लास वसतिगृह बांधलं होतं. रहिवाशांचा त्याला पत्ता नव्हता, एवढंच.

रहिवाशांचा पत्ता लागला तो भलत्याच ठिकाणी. पॅरिसच्या सांडपाण्यात!

शहराचं सांडपाणी जमिनीत मुरवलं की शुद्ध कसं होतं, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. पहिले वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. मग नायट्रेट दिसायला लागलं आणि हळूहळू अमोनिया नाहीसा झाला. ही जर नुसती रासायनिक क्रिया असती, तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट थांबलं. क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी ते पुन्हा सुरू होईना. शेवटी थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी नळीत ओतलं, आणि काही दिवसांनी क्रिया परत सुरू झाली.

हा प्रयोग मी वाचला तेव्हा दोनदा वाचला. वीस दिवसांची वाट, आणि मग बाहेरून आणलेलं मूठभर विरजण. नवा टँक 'लावणं' म्हणजे हुबेहूब हेच की! १८७७ मध्ये. मत्स्यालयवाल्यांना लागणारं सगळं उत्तर त्या नळीत होतं.

आता जोडीतला मुलगा. याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, जन्म १८३८. बापाने गोल्डफिशची पेटी मांडली तेव्हा हा अकरा वर्षांचा होता, आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने बापाच्याच प्रयोगशाळेत घेतले. मोठा होऊन तो शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात त्याने फ्रेंच प्रयोगाचा धागा उचलला आणि मातीतल्या नायट्रिफिकेशनवर वर्षानुवर्षं काम केलं. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आणि दोन टप्पे दोन वेगळ्या जीवांची कामं आहेत, हे दाखवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते जीव वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. तेव्हा जीवाणू जिलेटिनवर वाढवायची पद्धत होती, आणि नेमकं त्यावर हे जीव वाढत नाहीत. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्कीने सेंद्रिय अन्न पूर्ण वगळून त्यांना वेगळं काढलं. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्याचीच.

हे सगळं संशोधन खतासाठी चाललं होतं. नायट्रेट म्हणजे पिकाचं अन्न. बंदुकीच्या दारूत लागणारा सोराही हाच प्रकार. बिहारमधल्या गावांत गोठ्यांभोवतालच्या, गोमूत्राने भिजलेल्या मातीतून सोरा काढायचे आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजं भरभरून नेत असे. ती मातीही याच सूक्ष्मजीवांनी 'लावलेली' होती. शेती, सांडपाणी, दारूगोळा, सगळीकडे ही माहिती पोचली. राहिली ती दिवाणखान्यातली काचेची पेटी, जिचं तत्त्व मुलाच्या बापाने मांडलं होतं.

आपल्याकडेही हे दिसतं, नाही का? एका टीमने सोडवलेला बग दुसरी टीम दोन वर्षं सोडवत बसलेली असते, आणि दोघी एकाच मजल्यावर बसतात.

बापाचा 'समतोल' मात्र पुस्तकांतून विसाव्या शतकातही फिरत राहिला. १९४९ मध्ये अमेरिकेत जेम्स अ‍ॅट्झने त्यावर सरळ टीका केली: टँकमध्ये ऑक्सिजन येतो तो मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून, समतोल साधणारी पेटी ही दंतकथा आहे. जपानमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत संशोधकांनी मत्स्यालयाच्या फिल्टरमधल्या वाळूचा आणि तिच्यातल्या जीवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट याचं मासे आणि इतर जलचरांच्या संगोपनावरचं पुस्तक आलं आणि जैविक फिल्टरची कल्पना इंग्रजी वाचणाऱ्या हौशी लोकांपर्यंत पोचली. १८९० ते १९७०. हिशोब तुम्हीच करा.

तोवर घरगुती खाऱ्या टँकचा धंदा जोरात सुरू झाला होता. त्याआधी खारं पाणी मुख्यतः समुद्रकाठच्या मोठ्या संस्थांचं काम होतं. आपलं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तेही मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. १९६० च्या दशकात तीन गोष्टी एकत्र आल्या. अमेरिकेत चांगल्या प्रतीचं तयार समुद्री मीठ बाजारात आलं. सिलिकॉनने चिकटवलेले काचेचे टँक आले, म्हणजे खाऱ्या पाण्याने गंजणारी लोखंडी चौकट गेली. आणि जेट विमानांमुळे फिलिपिन्समधला मासा दोन दिवसांत अमेरिकेतल्या दुकानात पोचू लागला. रॉबर्ट स्ट्रॉनसारख्यांनी आधीच पुस्तकं लिहून, रेतीखालून पाणी खेचणारा फिल्टर खाऱ्या टँकसाठी लोकप्रिय केला होता. रेती हेच सूक्ष्मजीवांचं घर. फक्त ते भरायला महिना लागायचा, आणि त्या महिन्यात अमोनिया कुठून तरी यायला हवा होता.

इथे येतो आपला डॅमसेल.

तेव्हाच्या दृष्टीने बघितलं तर ही निवड मूर्खपणाची नव्हती. सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तपासायची किट्स आजच्यासारखी सर्रास मिळत नव्हती. मग अमोनिया पुरवणारा आणि पाण्याची अवस्था दाखवणारा, असा दुहेरी उपयोगाचा प्राणी हवा. डॅमसेल उथळ प्रवाळांवर राहतो, लहान असतो, काहीही खातो, आणि हिंदी-प्रशांत महासागरात मुबलक मिळतो. डॉमिनो नावाचा, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॅमसेल तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आपल्या लक्षद्वीपमार्गे थेट पॅसिफिकपर्यंत सापडतो. काही लोक मॉली वापरायचे. हा गोड्या पाण्याच्या दुकानात मिळणारा साधा मासा, पण मुळात मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूचा आणि क्षार सोसणारा, हळूहळू सवय केली तर खाऱ्या पाण्यातही राहतो. एकंदरीत हा मासा एकाच वेळी इंधन आणि मीटर होता. मासा धापा टाकतोय, तळाशी बसलाय, कल्ले लाल झालेत, म्हणजे अमोनिया वाढलाय. पुन्हा खायला लागला, म्हणजे टँक लागला.

पण युक्ती चालते, म्हणून ती नीट चालते असं होत नाही. तीन अडचणी होत्या.

पहिली अगदी हिशोबाची. सूक्ष्मजीव वाढतात ते मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात. दोन बोटभर माशांवर 'लागलेला' टँक दोन बोटभर माशांपुरताच लागलेला असतो. त्याच्यावर विसंबून एकदम चार मोठे मासे आणले, की अमोनिया पुन्हा चढतो. म्हणजे टेस्ट पास झाली, पण लोड टेस्ट कधी झालीच नाही.

दुसरी अडचण डॅमसेलच्या स्वभावाची. जगला वाचला तर महिनाभरात तो सगळ्या टँकचा मालक झालेला असतो. डॅमसेलच्या बऱ्याच जाती आपल्या हद्दीसाठी कडाकडा भांडतात. विरारहून बसून आलेल्या माणसाला बोरिवलीला चढणाऱ्यांबद्दल जी माया असते, तीच याला नव्या माशांबद्दल :-) नवीन आलेला महागाचा मासा कोपऱ्यात पिसं काढल्यासारखा फाटक्या परांनी उभा असतो. आणि दगडांच्या कपारीतून डॅमसेल पकडून बाहेर काढायचा, तर बरेचदा सगळी रचनाच मोडावी लागते.

तिसरी अडचण म्हणजे स्वतः तो मासा. चिवट म्हणजे काय? विष पचवणारा नव्हे, विष सोसूनही लगेच न मरणारा. मोकळा अमोनिया कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना इजा करतो, ते सुजून जाड होतात आणि मग पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो पुरेसा घेता येत नाही. एक बारीक दिलासा असा, की समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अटकाव होतो, त्यामुळे दुसरा टप्पा तितकासा घातक ठरत नाही. पण पहिल्या टप्प्यातून कुठल्याच माशाची सुटका नाही. 'माझे तर जगले' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांची कल्ल्यांची तपासणी कोणी केलेली नसते.

आणि हा मासा येतो कुठून? खाऱ्या पाण्याच्या छंदातले बहुतेक मासे आजही समुद्रातून पकडलेलेच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ सालच्या अहवालानुसार या व्यापारात वर्षाला दोन कोटींहून अधिक मासे विकले जात होते, आणि त्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या डॅमसेलच्या कुटुंबाचा होता. अर्थात ते सगळे टँक लावायला जात नव्हते. पण 'मेला तर दुसरा आणा' हे वाक्य ज्या माशाबद्दल सर्रास म्हटलं जातं, तोच सर्वांत जास्त पकडला जात होता, हेही खरं. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइडचं द्रावण फवारायची पद्धत आली. त्याने मासा गुंगतो आणि हाती लागतो, पण आजूबाजूचं प्रवाळ मरतं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या स्वस्ताईची खरी किंमत बरेचदा तिकडे कुठेतरी चुकती झालेली असते.

मग माशाशिवाय टँक लागतो का? लागतो, आणि ही गोष्ट तशी जुनीच. जकार्ताच्या ली चिन एंगने १९६१ सालीच एक लेख लिहून आपली पद्धत सांगितली होती. तो समुद्रातले जिवंत खडक टँकमध्ये ठेवायचा, सोबत हवेचे मोजके बुडबुडे, बस्स. छिद्राछिद्रांच्या त्या खडकावर सूक्ष्मजीव आधीच वसलेले असतात. श्लोसिंग-म्युन्त्झच्या नळीतली मूठभर माती, ती हीच. पुढे १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी याच खडकांवर आधारलेली पद्धत रूढ केली. आपल्याकडे मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. तेव्हा मालवणला किंवा लक्षद्वीपला फिरायला गेलात आणि एखादा खडक पिशवीत टाकावासा वाटला, तर तो तिथेच राहू द्या.

दरम्यान विज्ञानानेही एक गंमत केली. १९९६ मध्ये होव्हानेक आणि डीलाँग या दोघांनी जनुकीय तंत्राने मत्स्यालयांतले सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा पुस्तकांतून शंभर वर्षं घोकलेली नावं बऱ्याच फिल्टरमध्ये अपेक्षेप्रमाणे सापडेनात. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टरपेक्षा नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू सांभाळतात, हे १९९८ मध्ये पुढे आलं. आणि २००५ मध्ये तर कहर झाला. अमोनिया खाणारा एक जीव सापडला, जो जीवाणूच नव्हता, आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातला होता. नाव ठेवलं नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. आज असं मानतात, की त्याचे भाऊबंद समुद्रातल्या सर्वाधिक संख्येच्या सजीवांपैकी आहेत. आणि तो सापडला कुठे? सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टँकच्या रेतीत! शेती आणि सांडपाण्याने एकेकाळी मत्स्यालयाला उत्तर दिलं होतं. यावेळी मत्स्यालयाने समुद्रविज्ञानाला परतफेड केली.

आज नवा खारा टँक लावायला जिवंत मासा लागत नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. ते मोजून टाकायचं, एकूण अमोनिया लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम होईल इतकं. सोबत बाटलीतले सूक्ष्मजीव, किंवा ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टँकमधला एखादा दगड, थोडी रेती. म्हणजे शेजारच्या काकूंकडून वाटीभर विरजण आणतो, तसंच. मग दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किट. आधी अमोनिया खाली येईल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, आणि नायट्राइटही शून्य दाखवतंय, की टँक लागला. मग पाणी बदलून साचलेलं नायट्रेट कमी करायचं आणि एकेक मासा आणायचा. डॅमसेल आवडत असेल तर जरूर आणा, सुंदर मासा आहे. फक्त त्याला शेवटी आणा, म्हणजे बाकीच्यांची जागा आधी पक्की होईल. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या कितीतरी जाती हॅचरीत वाढवण्याचं तंत्र विकसित केलं आहे, तेव्हा दुकानदाराला 'हा हॅचरीचा का समुद्रातला?' हे विचारायलाही विसरू नका. उत्तर आलं नाही तरी विचारा. चार जणांनी विचारलं, की पाचव्या वेळी उत्तर तयार असतं.

तरीही 'आधी दोन डॅमसेल सोडा' हा सल्ला मिळतच राहणार. एकेकाळी तो मजबुरीचा होता. किट नव्हतं, बाटली नव्हती, तेव्हा माशाने ती उणीव भरून काढली. आता दोन्ही गोष्टी मासे विकणाऱ्या त्याच दुकानात, शेजारच्या फळीवर असतात, आणि किटची किंमत साधारण एका पिक्चरच्या तिकिटा-पॉपकॉर्नएवढी. फरक फक्त एवढाच, की रिकाम्या टँककडे महिनाभर बघत बसायचं कोणाला नको असतं. पैसे खर्चून लावलेल्या पेटीत काहीतरी हलताना दिसायला हवं असतं. तेव्हा डॅमसेल आता सूक्ष्मजीवांसाठी सोडला जात नाही, आपल्या करमणुकीसाठी सोडला जातो, आणि त्याचे कल्ले त्यासाठी जळतात.

पॅरिसच्या त्या नळीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. दोन माणसांनी वीस दिवस नुसतं खालून येणारं पाणी तपासलं. तुमचा टँक लावाल तेव्हा तेवढं जमवा. वीस नाही तर तीस दिवस, वहीत दोन रकाने, अमोनिया आणि नायट्राइट. आमच्यासारख्या ग्राफ काढायची खोड असलेल्यांना तर ते बघायला मजाच येते. आणि कोणी विचारलं, 'टँकमध्ये मासे कुठेत?', तर सांगा, विरजण लावलंय.